बाह्यरुग्ण व्यसनोपचार

मद्य, अफू, अफूपासून काढलेले वा कृत्रिम रीतीने तयार केलेले तत्सम पदार्थ आणि अन्य मादक द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस रुग्णालयात दाखल करून न घेता, ती आपल्या घरी राहून कामधंदा करीत असतानाच ठराविक दिवशी चिकित्सालयात बोलावून केले जाणारे उपचार. औषधयोजना, समुपदेशन, कुटुंबीयांचे मार्गदर्शन आणि स्वमदत-गटांतील सहभाग ही त्यांची प्रमुख अंगे होत. आंतररुग्ण उपचारांत व्यसनी माणसाला मादक द्रव्यापासून दूर नेले जाते. बाह्यरुग्ण उपचारांत तो त्याच वस्तीत, त्याच गुत्त्याच्या वाटेवर राहतो व औषध त्याच्या हाती दिले जाते. ते हाती द्यावे किंवा कसे, एका वेळी किती दिवसांचे द्यावे आणि हे वैद्याने ठरवावे की शासनाने, ह्या वादाभोवतीच ह्या उपचारपद्धतीचा इतिहास फिरत आलेला आहे. ज्या रुग्णाची रोजची मजुरी बुडाली तर घरची चूल पेटत नाही, त्याच्या दृष्टीने महिनाभर रुग्णालयात राहणे हा बहुधा पर्यायच नसतो. त्यामुळे ह्या वादाचा निर्णय अनेकांच्या बाबतीत उपचार मिळणे किंवा मुळीच न मिळणे असा झालेला आहे.

पूर्वपीठिका : अफूतील मॉर्फीन हे क्रियाशील द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर ह्या जर्मन औषधविक्रेत्याने वेगळे केले. १८५० नंतर त्वचेखाली टोचण्याच्या पिचकारीचा प्रसार झाला आणि मॉर्फीन जलद व निश्चित परिणाम करणारे वेदनाशामक म्हणून सर्वत्र वापरात आले. त्याबरोबरच त्याचे व्यसनही पसरले व प्रथम ते वैद्य, परिचारिका आणि दीर्घकाळ दुखण्याने पीडित अशा सुखवस्तू वर्गात दिसून आले. बर्लिनचे वैद्य एडूआर्ट लेव्हिनश्टाइन यांनी १८७७ साली ह्या विकारावर ग्रंथ लिहिला. मॉर्फीन एकदम तोडून रुग्णाला पहिले काही दिवस पहाऱ्यातील बंद खोलीत ठेवावे, असा त्यांचा मार्ग होता. मादक पदार्थ बंद होताच सुरू होणारे अंगदुखी, जुलाब, घाम, निद्रानाश, तीव्र तळमळ इ. त्रास (विरतिलक्षणे) एकदा ओसरले, की रुग्ण बरा झाला, अशी त्यामागची कल्पना होती. ती चुकीची असल्याचे पटण्यास वैद्यकाला सुमारे ऐंशी वर्षे लागली.

ह्याच सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इलिनॉय राज्यातील ड्वाइट ह्या लहानशा गावी लेस्ली कीली यांनी १८७९ मध्ये ‘सुवर्ण-उपचारा’ची संस्था काढली. मद्यपी व अफूबाज रुग्ण गावातील खाणावळींत व घरांत उतरत आणि दिवसातून चार वेळा रांगेत उभे राहून टोचून घेत. मधल्या वेळेत ते गावात मोकळे हिंडत. टोचल्या जाणाऱ्या द्रव्याचे घटक गुप्त ठेवलेले होते; त्याच्या रासायनिक पृथक्करणांत सोने सहसा आढळले नाही. वैद्यकीय दृष्ट्या हा उपचार भोंदूपणातच जमा होतो. तथापि व्यसनी माणसाला कोंडून न ठेवता, त्याच्यासारख्याच इतरांच्या संगतीत, सन्मानाने उपचारासाठी येऊ देणे ही त्यातील गोष्ट खोटी नव्हती आणि संस्थेच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा त्यातच असावे.

अमेरिकेतील चिकित्सालये (१९१९–२३) : हॅरिसन अधिनियम १९१४ च्या डिसेंबरात संमत होऊन १९१५ च्या मार्चपासून अंमलात आला. अफूजन्य पदार्थ व कोकेन यांच्या विक्रीची नोंदणी व त्यांवरील कर असे त्याचे बाह्य स्वरूप होते आणि वैद्याने आपल्या व्यवसायाच्या ओघात रुग्णाला दिलेल्या औषधाला त्यात सूट होती. तेव्हा व्यसनी रुग्णाला त्याची नेहमीची मात्रा लिहून देणे हा वैद्याचा व्यवसाय आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. १९१९ मध्ये ‘वेब विरुद्ध संयुक्त संस्थाने’ ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास नकारार्थी उत्तर दिले. रुग्ण केवळ सुखात राहावा म्हणून लिहिलेली चिठ्ठी ही औषधाची चिठ्ठीच नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

त्यामुळे रातोरात वैद्यांचे दरवाजे बंद झाले आणि हजारो रुग्ण उघड्यावर पडले. ह्या अडचणीतून अनेक शहरांच्या आरोग्यखात्यांनी मिळून सुमारे चाळीस चिकित्सालये उघडली. आधुनिक अर्थाने सार्वजनिक बाह्यरुग्ण व्यसनोपचाराचा आरंभ येथे होतो. त्यांपैकी न्यूयॉर्क व श्रेव्हपोर्ट येथील चिकित्सालयांचा अनुभव परस्परविरोधी ठरला. न्यूयॉर्कच्या वर्थ स्ट्रीटवरील चिकित्सालयात वर्षाच्या आत सुमारे सात हजार रुग्णांची नोंद झाली. तेथे मात्रा क्रमाक्रमाने कमी करून अखेर रुग्णाला रुग्णालयात पाठविण्याचे धोरण होते. गर्दी अफाट, ओळख पटविण्याची साधने अपुरी आणि मात्रा घटू लागली की रुग्ण बाहेरच्या विक्रेत्याकडे वळणार हे ठरलेले. परिणामी चिकित्सालय १९२० मध्येच बंद पडले. लुइझिॲना राज्यातील श्रेव्हपोर्ट येथे मात्र वैद्य विलिस बटलर यांनी मात्रा घटविण्याची घाई केली नाही. रुग्णाची तपासणी करावी, त्याच्या अन्य आजारांवर उपचार करावे, काम करणाऱ्याला त्याची मात्रा नियमाने द्यावी व प्रत्येक मात्रेची नोंद ठेवावी, अशी त्यांची शिस्त होती. शहरातील पोलीस व न्यायाधीश यांचाही त्यांना पाठिंबा होता. असे असूनही संघीय अधिकाऱ्यांच्या दबावामुळे १९२३ मध्ये हेही चिकित्सालय बंद करावे लागले आणि त्याबरोबर हा प्रयोग संपुष्टात आला.

विरोधकांनी पुढील चाळीस वर्षे न्यूयॉर्कचे उदाहरण पुढे केले; श्रेव्हपोर्टचे कोणी फारसे आठवले नाही. वस्तुतः १९२५ मध्ये ‘लिंडर’ खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने व्यसनी व्यक्ती ही रुग्ण असून तिच्यावर उपचार करणे हे वैद्याचे काम असल्याचे मान्य केले होते. संबंधित वैद्याने एका स्त्रीला अवघ्या चार गोळ्या दिल्या होत्या आणि ती शासनाची खबरी होती. परंतु निकाल आला तोवर वैद्यांनी धास्ती घेतलेली होती व अंमलबजावणी खात्याच्या धोरणातही फरक पडला नाही. त्यानंतर केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये व टेक्ससमध्ये फोर्ट वर्थ येथे १९३८ मध्ये संघशासनाने प्रचंड रुग्णालये उभारली. त्यांत कैदी व स्वेच्छेने आलेले रुग्ण एकत्र ठेवले जात. लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे १,९०० रुग्णांचा मागोवा घेणारी पाहणी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळले होते व तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. शरीर मादक द्रव्यापासून मुक्त करणे म्हणजे व्यसन बरे करणे नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

ब्रिटिश पद्धती : ग्रेट ब्रिटनमध्ये हाच प्रश्न शासनाने वैद्यांवर सोपविला. सर हम्फ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखाली १९२४ मध्ये नेमलेल्या समितीने १९२६ मध्ये अहवाल दिला. दोन प्रकारच्या रुग्णांना मॉर्फीन वा हेरॉईन देणे ही समितीच्या मते योग्य वैद्यकीय चिकित्सा होती : पहिला, ज्याची मात्रा क्रमाने कमी करीत आणली जात आहे असा; दुसरा, सर्व प्रयत्न करूनही ज्याचे औषध तोडता येत नाही, पण अल्प मात्रा नियमित मिळाल्यास जो उपयुक्त व बव्हंशी सर्वसामान्य जीवन जगू शकतो असा. साधा कौटुंबिक वैद्यही अशी चिठ्ठी देऊ शकत असे. ही पद्धती चाळीस वर्षे सुरळीत चालली, ह्याचे श्रेय बरेचसे रुग्णांच्या स्वरूपाला दिले पाहिजे. ते संख्येने थोडे, मध्यमवयीन, बहुधा दुखण्यावरच्या उपचारातून व्यसनी झालेले आणि सुस्थित होते.

१९६० च्या सुमारास लंडनमध्ये तरुण हेरॉईनसेवकांचा नवा वर्ग आढळू लागला. शासनाला ज्ञात असलेल्या हेरॉईनव्यसनींची संख्या १९५९ मध्ये ६८ होती, ती १९६४ मध्ये ३४२ झाली. लॉर्ड ब्रेन यांच्या समितीला असे आढळले, की जादा हेरॉईनचा बहुतेक पुरवठा मोजक्या वैद्यांच्या चिठ्ठ्यांतून होत होता व एका वैद्याने एकट्या १९६२ मध्ये सुमारे सहा लाख गोळ्या लिहून दिल्या होत्या. १९६७ च्या अधिनियमाने व्यसनींना हेरॉईन लिहून देण्याचा अधिकार विशेष परवानाधारक वैद्यांपुरता मर्यादित झाला आणि १९६८ पासून रुग्णालयांना जोडलेली खास बाह्यरुग्ण चिकित्सालये सुरू झाली. वैद्यावरील विश्वासाचा प्रयोग मूठभर वैद्यांमुळे आखडता घ्यावा लागला; मात्र तो मोडीत काढला गेला नाही, हा अमेरिकेच्या तुलनेतील महत्त्वाचा फरक होय.

मेथाडोन : हे कृत्रिम वेदनाशामक जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर हेक्स्ट येथील प्रयोगशाळेत तयार झाले व युद्धानंतर अमेरिकेत आले. लेक्सिंग्टन येथे काही दिवस विरतिलक्षणे शमविण्यापुरता त्याचा वापर होत असे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील चयापचयाचे अभ्यासक व्हिन्सेंट डोल आणि पूर्वी लेक्सिंग्टन येथे काम केलेल्या मानसोपचारतज्ञ मेरी निस्वांडर यांनी १९६४ मध्ये, मेरी जीन क्रीक ह्या तरुण सहकारी वैद्य स्त्रीसह, त्याचा निराळा उपयोग शोधला. सुरुवातीस त्यांनी रुग्णांना मॉर्फीन देऊन पाहिले, तेव्हा मात्रा सतत वाढवावी लागे आणि रुग्ण दिवसभर पुढच्या टोचणीची वाट पाहत सुस्त बसून राहत. मेथाडोनवर आणल्यावर मात्र त्यांच्यातील एक चित्रे काढू लागला, तर दुसऱ्याने अपुरे शिक्षण पुरे करण्याची इच्छा दर्शविली.

ह्या फरकाचे कारण औषधाच्या गतीत आहे. हेरॉईनचा परिणाम काही तासांत ओसरतो. त्यामुळे सेवन करणारा दिवसातून तीन-चार वेळा धुंदी व तळमळ यांच्यामध्ये हेलकावे खातो. मेथाडोन तोंडाने घेता येते, सावकाश शोषले जाते आणि त्याचा परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो. योग्य मात्रेत धुंदी येत नाही व तळमळही होत नाही. शिवाय शरीराची सह्यता वाढलेली असल्याने वरून हेरॉईन घेतले, तरी त्याचा अपेक्षित परिणाम जाणवत नाही. प्रथम काही आठवडे रुग्णालयात मात्रा बसविली जाई. त्यानंतर रुग्ण रोज चिकित्सालयात येऊन फळांच्या रसात मिसळलेले औषध परिचारिकेसमोर पिऊन कामावर जाई. पहिल्या २२ रुग्णांचा वृत्तांत १९६५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्यसन हा शीलाचा दोष नसून दीर्घकालीन चयापचयजन्य विकार आहे आणि मधुमेही रुग्णाला इन्शुलीन द्यावे तसे हे औषध आहे, असे डोल यांचे प्रतिपादन होते. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांचे ग्राही प्रत्यक्ष आढळल्यावर ह्या प्रतिपादनाला बळ मिळाले. एक नशा काढून दुसरी दिली, हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. अवलंबित्व राहते हे खरेच आहे; पण सुई, चोरी व अनिश्चित शुद्धतेचा माल यांपासून सुटका होते, हा त्यातील लाभ आक्षेपकांच्या हिशेबात सहसा येत नाही.

शासनाचे उत्तर मान्यता व संशय अशा दुहेरी स्वरूपाचे होते. १९७२ च्या नियमांनी व १९७४ च्या अधिनियमाने मेथाडोन उपचार कायदेशीर झाला, परंतु केवळ परवानाप्राप्त चिकित्सालयांत व बहुतांशी रोज समक्ष घेण्याच्या अटीवर. घरी नेण्याच्या मात्रा वर्तणूक पाहून हळूहळू वाढवावयाच्या असत. परिणामी रोज पहाटे रांगेत उभा राहणारा रुग्ण हे अमेरिकन शहरांतील परिचित दृश्य झाले. ज्याची नोकरी दूर आहे किंवा ज्या स्त्रीच्या काखेत मूल आहे, अशांना ह्या अटीमुळे उपचार सोडावा लागे. हाँगकाँगमध्ये १९७२ मध्ये आरंभ होऊन १९७६ पासून शहरभर चिकित्सालयांचे जाळे पसरले. तेथे दारातून आत येणाऱ्यास फारशा अटींविना औषध मिळे व संध्याकाळी उशिरापर्यंत सोय असल्याने कामगारांना ते सोयीचे ठरले.

उपचाराचे मोल कोणत्या मापाने मोजावे, ह्याविषयी पुढील काळात मतभेद कमी झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासानुसार, मेथाडोन घेत असलेल्या रुग्णांत दर हजार व्यक्तिवर्षांमागे ११·३ मृत्यू, तर उपचार सोडल्यानंतरच्या काळात ३६·१ मृत्यू होतात. मात्रा बसविण्याचे पहिले चार आठवडे मात्र धोक्याचे असतात, कारण मेथाडोनची अतिमात्रा श्वसन बंद पाडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

ब्युप्रेनॉर्फिन : हे औषध इंग्लंडमधील हल येथील रेकिट अँड कोलमन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये तयार झाले. १९७८ मध्ये डोनल्ड जॅसिन्स्की यांनी लेक्सिंग्टन येथील संशोधनाच्या आधारे व्यसनोपचारातील त्याची उपयुक्तता दाखविली. ग्राहीला ते घट्ट चिकटते, पण त्यास अंशतःच उद्दीपित करते. म्हणून ठराविक मर्यादेपुढे मात्रा वाढविली तरी परिणाम वाढत नाही व श्वसन बंद पडण्याचा धोका मेथाडोनपेक्षा पुष्कळ कमी राहतो. गोळी जिभेखाली विरघळू द्यावी लागते. गोळी विरघळवून टोचून घेण्यास आळा बसावा म्हणून तीत नॅलोक्सोन मिसळतात. जिभेखाली ते जवळजवळ निष्क्रिय राहते, टोचल्यास मात्र विरतिलक्षणे उद्भवतात.

ह्या सुरक्षिततेमुळे औषध खास चिकित्सालयातून कौटुंबिक वैद्याच्या दालनात आणता आले. फ्रान्सने १९९६ पासून सर्व वैद्यांना ते लिहून देण्याची मुभा दिली आणि १९९५ ते १९९९ ह्या काळात तेथील अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत २००० च्या अधिनियमाने विशेष प्रशिक्षण व परवाना घेतलेल्या वैद्यांना हा अधिकार मिळाला. रुग्णसंख्येची मर्यादा घालणारा तो जादा परवाना २०२२ च्या अखेरीस, फेंटॅनिलने दरवर्षी हजारो बळी जाऊ लागल्यावर, रद्द झाला. महिनाभर परिणाम टिकणारे ब्युप्रेनॉर्फिनचे इंजेक्शन २०१७ मध्ये मान्य झाले. मेथाडोनच्या बाबतीत करोना महासाथीने जे घडवून आणले, ते चार दशकांच्या वादविवादाने झाले नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी नेण्याची सवलत मिळाली, ती २०२४ मध्ये कायम करण्यात आली.

मद्यासक्तीवरील उपचार : मद्याच्या बाबतीत मूळ वैद्यकीय अडचण वेगळी आहे. अफूची विरतिलक्षणे असह्य असली, तरी सहसा प्राणघातक नसतात. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके व त्यानंतर भ्रम, कंप व तीव्र उन्माद होऊन मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून पूर्वी झटके वा उन्माद झालेला, यकृताचा किंवा हृदयाचा गंभीर विकार असलेला अथवा घरी पाहणारे कोणी नसलेला रुग्ण दाखल करून घेणेच इष्ट असते. इतरांना क्लोरडायाझेपॉक्साइड किंवा तत्सम औषध आठवडाभर घटत्या मात्रेत व सोबत थायामीन (ब१ जीवनसत्त्व) देऊन घरच्या घरी मद्यापासून सोडविता येते. असे रुग्णच बहुसंख्य असतात.

डायसल्फिरॅम हे ह्या क्षेत्रातील पहिले नावाजलेले औषध योगायोगाने सापडले. हे संयुग रबर-उद्योगात वापरले जाई आणि ते हाताळणाऱ्या कामगारांना मद्य सोसत नाही, अशी नोंद एका अमेरिकन वैद्याने १९३७ मध्येच केली होती. कोपनहेगनचे एरिक याकोब्सेन व येन्स हाल्ड हे त्याच्या जंतनाशक गुणाचा अभ्यास करीत असताना स्वतः गोळ्या घेत व मद्यपानानंतर चेहरा लाल होणे, धडधड व मळमळ यांचा त्यांना अनुभव आला. १९४८ मध्ये ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन यांनी रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. औषधामुळे मद्याचे विघटन ॲसिटाल्डिहाइडच्या टप्प्यावर अडते व ते शरीरात साचते. येथे रुग्णाचा निश्चयच औषधाचे काम करतो, कारण गोळी न घेणे त्याच्या हाती असते. पत्नी वा अन्य नातेवाइकासमोर रोज गोळी घेतल्यास गुण अधिक येतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती महाराष्ट्रातील भिंतींवर व वृत्तपत्रांत दीर्घकाळ आढळतात. अशा पुड्यांत काय असते हे घेणाऱ्याला कळत नाही. डायसल्फिरॅम नकळत अन्नात कालविणे तर जिवावर बेतू शकते. पुढे अकँप्रोसेट (फ्रान्स, १९८९) व नाल्ट्रेक्सोन (अमेरिकेत मद्यासक्तीसाठी मान्यता १९९४) ही मद्याची ओढ कमी करणारी औषधे आली.

औषधाविना चालणारी सर्वांत व्यापक चळवळ म्हणजे १९३५ मध्ये ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे बिल विल्सन व वैद्य बॉब स्मिथ यांनी सुरू केलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. तिच्या सभा संध्याकाळी भरतात, शुल्क नसते आणि बोलणारे सर्व स्वतः त्यातून गेलेले असतात.

उपचार किती द्यावेत, ह्या प्रश्नाला लंडनच्या ग्रिफिथ एडवर्ड्‌झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने अनपेक्षित उत्तर दिले. शंभर विवाहित मद्यासक्त पुरुषांचे दोन गट केले गेले. एका गटाला औषधे, नियमित भेटी व गरजेप्रमाणे रुग्णालयवास असे सर्व उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील प्रत्येक दांपत्याला एकदाच बसवून, आता जबाबदारी तुमची, असे समजावून देण्यात आले. वर्षानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ह्यावरून उपचार निरुपयोगी असल्याचा अर्थ काहींनी काढला, तो बरोबर नाही. सर्व रुग्णांची प्रथम तपशीलवार तपासणी झाली होती व एक समाजकार्यकर्ती पत्नींना भेटून विचारपूस करीत होती. तेवढे लक्ष पुरविणे हाही उपचारच होता. अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही समुपदेशनाच्या तीन निरनिराळ्या पद्धतींचे परिणाम जवळपास सारखेच आले.

भारत : ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या अफू अधिनियमाखाली परवानाधारक दुकानांतून अफू मिळे व ती शासनाच्या उत्पन्नाची बाब होती. १८९३–९५ च्या शाही आयोगाने अफूच्या माफक सेवनाने फारशी हानी होत नसल्याचा निर्वाळा दिल्याने उपचाराचा प्रश्नच उद्‌भवला नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देत, ही गोष्ट तेव्हा आरोग्याधिकाऱ्यांपलीकडे कोणाला फारशी खटकत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत अफूचा अवैद्यकीय वापर बंद करण्याचे ठरविले व १९५९ च्या मार्चअखेर ती मुदत संपली. मात्र जुन्या, वयस्क अफूबाजांची वैद्यकीय दाखल्यावर नोंदणी करून त्यांना परवान्याने ठराविक अफू पुरविली जाई. रोलस्टन समितीची दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाविषयीची शिफारसच ही, फक्त चिकित्सालयाऐवजी अबकारी खात्यामार्फत राबविलेली. तिला उपचार म्हणून कोणी ओळखले नाही आणि म्हणून तिच्यापासून कोणी काही शिकलेही नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातही आरोग्याच्या कारणावरून मद्याचे परवाने देण्याची तरतूद होती [→ दारूबंदी].

१९८० नंतर मुंबई, दिल्ली आदी शहरांत ‘गर्द’ किंवा ‘ब्राउन शुगर’ ह्या नावाने अशुद्ध हेरॉईनचा प्रादुर्भाव झाला. १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने कडक शिक्षा ठरविल्या. त्याच्या ७१ व्या कलमाने व्यसनींवर उपचार करणारी केंद्रे काढण्याचा व नोंदलेल्या व्यसनींना औषध पुरविण्याचा अधिकारही शासनाला दिला. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीचा त्यास आधार होता. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार हे त्याचे मुख्य अंग असले, तरी घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट ही त्याची अंगे बाह्यरुग्ण उपचाराच्या कक्षेत येतात. त्यानंतर शासकीय अनुदानाने देशभर निघालेली केंद्रेही प्रामुख्याने निवासी स्वरूपाचीच राहिली. व्यसनी माणसाला घरातून उचलून कोठेतरी ठेवावे, ही कुटुंबाची इच्छा त्यामागे जितकी होती, तितकीच अनुदानाची रीतही होती.

पर्यायी औषधोपचार भारतात एच्‌आयव्हीच्या साथीमुळे रुजला. मणिपुरात १९८९–९० च्या सुमारास सुईने हेरॉईन घेणाऱ्यांत हा विषाणू झपाट्याने पसरल्याचे आढळले. १९९० नंतरच्या काळात दिल्ली व अन्य ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी ब्युप्रेनॉर्फिन देण्यास आरंभ केला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७–०८ पासून हा उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला व २०१२ मध्ये मेथाडोनही आले. केंद्रात परिचारिका गोळी कुटून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते व ती पूर्ण विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून घेते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने प्रशिक्षण व वस्ती-चिकित्सालये यांद्वारे ह्या कामाचा पाया घातला. पंजाब राज्याने २०१७ च्या ऑक्टोबरात तरनतारन, मोगा व अमृतसर या जिल्ह्यांत ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन देणारी बाह्यरुग्ण केंद्रे उघडली व पुढे ती राज्यभर वाढविली. २०२० च्या टाळेबंदीत तेथेही अनेक दिवसांच्या गोळ्या घरी देण्यात आल्या. गोळ्या बाजारात जात असल्याच्या तक्रारींमुळे नोंदणी व वाटप यांवरील नियंत्रण मात्र कडक करावे लागले.

मद्यासक्तीबाबत गोव्यातील प्रयोग उल्लेखनीय आहे. ‘संगाथ’ ह्या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. समुपदेशन करणारे वैद्य वा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक स्त्री-पुरुष होते व बैठकी जास्तीत जास्त चार असत. तीन महिन्यांनंतर त्यांतील ३६ टक्के, तर केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांतील २६ टक्के रुग्णांचे मद्यपान अपायकारक पातळीच्या खाली आले होते. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ ह्या कार्यक्रमाखाली तालुका व गाव पातळीवर व्यसनोपचार चिकित्सालये चालविली जातात.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकीला काही ना काही उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८० मध्ये एक इतकेच आहे.